हाकेच्या मापाचा डबा

सुगंधा परबला हाक मारायची तर आधी ती कितीवर आहे ते बघावं लागतं. घाटकोपरच्या भटवाडीत, एका चाळीच्या तळमजल्यावर तिचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दाराशी बाकडं आणि बाकड्यावर गुंडाळीचं मशीन. तांब्याची तार फिरत असते आणि सुगंधा ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत असते. मध्येच कुणी काही विचारलं तर ते तिच्या कानावर जात नाही असं नाही. जातं, पण ती ओ देत नाही. शंभर पुरे झाले की तार बोटाने दाबून धरते, मान वर करते आणि म्हणते, "हां, बोला." गिऱ्हाइकाला राग येतो. येऊ दे. फेरे चुकले तर मोटर जळते, आणि गिऱ्हाइकाचा राग काय, चहा पाजला की उतरतो, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा दशरथ मूळ मालवणकडचा, गोदीतली नोकरी संपवून आता घरी असतो. आल्यागेल्याला तो सांगतो, "हिका हाक मारूची तर शंभर होयसर वाट बघूक व्हयी." लग्नानंतर पहिली काही वर्षं त्याने मधल्या आकड्यांवर हाका मारून बघितल्या. मग नाद सोडला. मुलीसुद्धा शाळेतून आल्यावर दाराशी उभ्या राहून आईचे ओठ बघायच्या आणि मगच भूक लागली म्हणायच्या.

ही सवय विक्रोळीची. तिथल्या एका जुन्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला बायका असायच्या, एका लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या. मशीनवरचे मोजणीचे काटे जुने होते, मध्येच एखादा आकडा गिळायचे, म्हणून प्रत्येकीने तोंडानेही मोजायचं असा शिरस्ता पडला होता. शेजारची सत्तरवर असली आणि आपण बारावर असलो तरी गोंधळ होत नसे. उलट शेजारचीचा आवाज बंद झाला की आपलीही मोजणी अडखळायची. कारखाना बंद झाला, त्या जागी काचेची इमारत आली. बाकीच्या बायकांपैकी कुणी शिवणकामाला लागली, कुणी नातवंडांना. सुगंधाने मोडीत निघालेलं एक मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं आणि एकटीच मोजत बसली.

रिवाइंडिंगचं काम पुढे कमी झालं. मग तिच्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांचे जळके कंट्रोलर येऊ लागले. मोटरला बॅटरीतून किती करंट जाऊ द्यायचा ते ठरवणारा तो डबा. नॉब फिरवला की मोटरचा वेग वाढतो, उलटा फिरवला की कमी होतो. जळके उघडून उघडून ती शिकली, आणि एक दिवस स्वतःच बनवायला लागली. ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर ओळीने बसवलेले मॉस्फेट, म्हणजे करंट सोडणारे छोटे काळे दरवाजे, शेजारी वीज साठवून धरणारे, हाताच्या मनगटाएवढे कपॅसिटर, आणि वरून पत्र्याचं झाकण. नाव-बिव काही नाही. गिऱ्हाइकं त्याला सुगंधाबाईंचा डबा म्हणत. तो डबा परत येत नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि ही ख्याती सुगंधाला नवऱ्यापेक्षाही प्रिय होती असं दशरथच म्हणे.

तो डबा खारदांड्याहून परत आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

खारदांड्याच्या बळवंतकाकांचा मुलगा प्रज्योत विमानतळाजवळच्या एका मालगोदामात कामाला होता. तिथले बॅटरीचार्जर तो सुगंधाकडे दुरुस्तीला आणायचा, तेवढी ओळख. वडलांची एक छोटी होडी होती. भरतीला होडी किनाऱ्याशी आणायची आणि दोरखंड लावून ओंडक्यांवरून वर ओढायची, हे पूर्वी दहाएक माणसांचं काम होतं. आता माणसं नव्हती. प्रज्योतने गोदामाच्या भंगार लिलावातून फोर्कलिफ्टची एक दणकट मोटर घेतली, तिला गिअर आणि ड्रम बसवून किनाऱ्यावर विंच उभी केली. बाजारातला कंट्रोलर खाऱ्या हवेत टिकला नाही, म्हणून सुगंधाला डबा सांगितला. तिने बनवून दिला. महिन्याभरात तो जळून परत आला.

सुगंधाला वाटलं, खारी हवा. तिने सगळी पट्टी गुंडाळीच्या वार्निशने लिंपली. पुन्हा जळला. मग तिला वाटलं, बॅटरीपासून डब्यापर्यंतच्या वायरी लांब आहेत, करंट तुटताना त्या फटका मारत असणार. तिने वायरी तोडून हातभर केल्या आणि कपॅसिटर मॉस्फेटच्या अगदी अंगाशी आणून बसवले. पुन्हा जळला. मग डायोड बदलला, मॉस्फेट वाढवले, पट्टी जाड केली. दुकानात मोटर आणवून, दोरीला रेतीची पोती टांगून दुपारभर चालवली. दशरथने वर-खाली जाणारी पोती बघत वर्तमानपत्र वाचून काढलं. डबा कोमट झाला, एवढंच. दांड्याला गेला आणि जळला.

या शेवटच्या वेळी नुसता जळला नाही. मॉस्फेट जळतो तेव्हा दरवाजा उघडा राहून जळतो. काकांनी नॉब बंद केला तरी मोटर थांबेना. होडी सरळ वर चढत गेली आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंवर जाऊन आदळली. काकांनी बॅटरीची वायर हाताने उपटली तेव्हा ती थांबली. तळवा भाजला. बोंबलांखाली त्या वेळी अंजनाबाई, काकांची बायको, बसलेली नव्हती हे नशीब, कारण एरवी ती तिथेच बसते.

प्रज्योत डबा घेऊन आला तेव्हा सुगंधा चाळीसच्या आसपास होती. तो थांबला. शंभर झाल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, की उत्तनचा एक जण होडी घ्यायला तयार आहे. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली की होड्या वर घेऊन झावळ्यांनी शाकारतात, त्याच्या आधी त्याला उत्तर हवं आहे. बाबांशी बोलणं झालं आहे. आणखी एकदा डबा जळला तर होडी द्यायची, आणि बाबांनी मान हलवली आहे.

"तुमच्यावर राग नाही मॅडम," तो म्हणाला. "पण आई तिथे बसते ना."

सुगंधा गिऱ्हाइकाच्या दारी जात नसे. काम बाकड्यावर येतं, आपण कामाकडे जात नाही, हा तिचा तोरा होता. त्या दिवशी मात्र तिने भरतीची वेळ विचारून घेतली, नवा डबा आणि करंट मोजायचा क्लॅम्प मीटर पिशवीत टाकला, मेट्रोने अंधेरी गाठली आणि तिथून रिक्षा केली.

बळवंतकाका सडपातळ, काळेभोर, कमी बोलणारे. तळव्याला फडकं बांधलेलं. डबा बनवणारी बाई स्वतः आली म्हटल्यावर त्यांनी धुतलेला शर्ट चढवला. अंजनाबाईंनी खुर्ची मांडली. काकांनी विंचपाशी उभं राहून नॉब असा हलक्या हाताने फिरवला, की जणू पाहुण्यांसमोर लेकीला वाढायला लावलं आहे. मोटर गुणगुणली, दोर ताणला, होडी ओंडक्यांवरून थोडी वर आली. सुगंधाने मीटर बघितला. करंट हवा तेवढाच. पुन्हा थोडी खाली सोडली, पुन्हा ओढली. काही बिघडलं नाही.

सुगंधाला मनातून चीड आली. दुखणं डॉक्टरसमोर गप्प बसतं तसला प्रकार. ती काकांना म्हणाली, रोज जसं करता तसं करा. काका म्हणाले, असंच करतो.

अंजनाबाईंनी चहाला बोलावलं. त्यांचं घर किनाऱ्याला पाठ करून होतं. ओट्यावर बसलं की गल्ली दिसायची, समुद्र नाही. अंजनाबाई सांगत होत्या की पोराचंही बरोबर आहे, होडी गेली की त्यांचं सकाळचं उठणं जाईल, बसून बसून माणूस गंजतं, पण पोराला तसं सांगायचं कसं. घराच्या मागून मोटरचा आवाज आला. काकांनी होडी उरलेली ओढायला घेतली होती. आणि त्याबरोबर दुसरा आवाज आला.

"जोमाऽ, होऽऽबेस."

मोटर गुरगुरली आणि थांबली.

"पोशाऽ, होऽऽबेस."

पुन्हा गुरगुर, पुन्हा थांबणं. सुगंधाने कप खाली ठेवला. तिने विचारलं, माणसं आली का ओढायला.

"कोन नाय बाय तिथं," अंजनाबाई म्हणाल्या. "जुन्या मानसांची नावं घेतात. सवय हाय."

मग त्यांनी सांगितलं. दोर ओढायला माणसं ओळीने उभी असत. काका पुढे, होडीच्या तोंडाशी. ते ओढत नसत, हाक देत. प्रत्येक खेचेला एकाचं नाव, म्हणजे त्याने कसूर करायची नाही, आणि बाकीच्यांनी त्याला लाज आणायची नाही. जोमा वारला. पोशा नालासोपाऱ्याला राहायला गेला. हिराजीचे गुडघे गेले. कुणाची पोरं बँकेत, कुणाची विमानतळावर. नावं तेवढी राहिली, आणि ती घेतल्याशिवाय काकांचा हात चालत नाही. पाहुण्यांसमोर मात्र लाज वाटते.

सुगंधा उठून घराच्या कोपऱ्याशी गेली आणि तिथूनच बघितलं. काकांनी शर्ट काढून ठेवला होता. नाव घेत, श्वास भरत, आणि 'हो' तोंडातून निघताक्षणी नॉब शून्यावरून एका झटक्यात शेवटापर्यंत फिरवत. 'बेस' म्हणून झालं की परत शून्य. होडी रेतीत रुतून बसे. मग पुढचं नाव. जागची हलत नसलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि इथे ती दर खेपेला जागच्या जागी उभी असताना तिच्या तोंडात सगळीच्या सगळी बॅटरी कोंबली जात होती. मॉस्फेट जळत होते यात नवल नव्हतं. इतके दिवस टिकले कसे, हे नवल होतं.

नॉब शून्यावर आल्याबरोबर तिने जाऊन बॅटरीची वायर सोडवली. काका ओशाळले. ती रागावली नाही. तिला तर एका अर्थी हायसं वाटलं होतं, डब्यात खोट नव्हती. खोट तिच्या गृहीत धरण्यात होती. नॉब माणूस फिरवणार, माणसाचा हात हळूच फिरतो, असं तिने धरलं होतं. गाडीवाल्यांचा फिरतोही.

काकांना हळू फिरवा सांगण्यात अर्थ नव्हता हे तिला कळत होतं. तिलाही मध्येच कुणी सांगितलं असतं की मनातल्या मनात मोज, तर जमलं नसतं. तिने डबा घरी नेला आणि नॉबच्या वायरीवर एक कपॅसिटर बसवला, चांगला मोठा. आता नॉब कितीही झटक्यात फिरवला तरी करंट सावकाश चढणार होता. पुढच्या भरतीला ती पुन्हा गेली. प्रज्योतनेही सुट्टी काढली होती. काकांनी, पाहुणी असली तरी, तिच्या आग्रहावरून नेहमीसारखं केलं. जोमा, होऽऽबेस. हाक संपली, हवेत विरली, आणि मग मोटर जागी झाली. पोशा, होऽऽबेस. पुन्हा तसंच. तिसऱ्या नावानंतर काकांनी हाक देणं सोडलं. नॉब पुरा फिरवून नुसते उभे राहिले आणि होडी आपली आपण वर आली. डबा गार होता. प्रज्योत खूश झाला, सुगंधाने मीटर पिशवीत टाकला.

काका हात पुसत जवळ आले.

"मशीन झकास हाय, बाय," ते म्हणाले. "पन हाक मारली की दोरी मागनं येते. मानसं अशी कवा ओढत नव्हती." मग मुलाकडे वळून म्हणाले, "उत्तनवाल्याला सांग, घेऊन जा."

प्रज्योतला कळेना, तो म्हणाला, अहो पण आता चालतंय ना. काका घरात गेले होते.

रिक्षात बसेपर्यंत सुगंधाचा पारा चढला होता. जळत होतं तेव्हा होडी धरून ठेवायची होती, आता जळत नाही तर द्यायची. आपलं काम डबा करणं, माणसांच्या तऱ्हा सांभाळणं नव्हे. मेट्रोत ती हेच स्वतःशी बोलत राहिली. घरी दशरथने काय झालं विचारलं तर ती म्हणाली, काम झालं.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर एका पंख्याची गुंडाळी होती. ती मोजायला बसली. एकवीस, बावीस. तिच्या लक्षात आलं, की आकडा ती तार फिरल्यावर म्हणत नाही. तोंडून 'बा' निघतो तेव्हा चाक निघतं, आणि 'वीस' म्हणेपर्यंत फेरा पुरा होतो. तोंड आणि चाक बरोबरीने जातात. चाक मागून आलं असतं तर? तर तीही गप्प झाली असती. विक्रोळीत शेजारचीचा आवाज बंद झाला की व्हायची तशी.

आणि मग तिला त्या हाकेतली मेख कळली. दोर धरलेली माणसं 'हो'ला ओढतच नव्हती. 'होऽऽ' म्हणजे दोर ताठ करायचा, पाय रोवायचे, ताकद गोळा करायची, आणि 'बेस'ला ती सोडायची. सावकाश चढणं त्या हाकेत आधीपासूनच होतं. फक्त ते माणसांच्या अंगात होतं, काकांच्या हातात नव्हतं. काका आयुष्यभर हाक देत आले, चढण दुसरे चढत होते. माणसं गेली तशी चढणही त्यांच्याबरोबर गेली, आणि नॉबला नुसती हाक मिळाली. सुगंधा सदतिसाव्या फेऱ्यावर थांबली. दशरथने वर्तमानपत्र खाली घेतलं. असं कधी झालं नव्हतं.

तिने दुसरा डबा घेतला, त्यात मोठ्याऐवजी लहान कपॅसिटर बसवला आणि त्याच्या जोडीला एक छोटा स्क्रू, बाहेरून पेचकसाने फिरवता येईल असा. करंट चढायला किती वेळ घ्यायचा ते त्या स्क्रूवर ठरणार होतं. किती घ्यायचा, ते मात्र भटवाडीत बसून कळणार नव्हतं.

ती तिसऱ्यांदा दांड्याला गेली तेव्हा उत्तनचा माणूस होडी बघून गेला होता. दुसऱ्या दिवशी येऊन नेणार होता. काका तिला बघून म्हणाले, आता कशाला आलीस. तिने डबा जोडला, पेचकस हातात घेतला आणि त्यांना हाक द्यायला सांगितलं. नॉब फिरवायचा नाही, नुसती हाक, तिला हाकेचं माप घ्यायचं आहे. काकांना ते चमत्कारिक वाटलं. दोर नुसता पडलेला, होडी पाण्याच्या कडेला, आणि हाक मारायची कुणाला? ते उभेच राहिले. इतका वेळ बांबूंवरचे बोंबील उलटे-सुलटे करत असलेल्या अंजनाबाई पुढे आल्या. त्यांनी पदर खोचला आणि दोराचं टोक उचललं.

"मी धरलाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मार."

काकांनी हाक दिली. सुगंधाने एका हातात मीटर धरून दुसऱ्या हाताने स्क्रू थोडा पिळला, मग दोर ढिला असतानाच नॉब फिरवून बघितला. पुन्हा हाक. पुन्हा थोडं. 'हो'ला मोटर निघाली पाहिजे आणि 'बेस'ला पुऱ्या जोरात आली पाहिजे, त्याआधी नाही आणि नंतर नाही. काकांचा श्वास चांगला लांब होता, म्हणूनच हे जमलं. तोकड्या श्वासाच्या माणसाची होडी असती तर ती विकावीच लागली असती. मीटरवरचा आकडा मर्यादेत राहिला तेव्हा तिने स्क्रूवर वार्निशचा थेंब सोडला, म्हणजे तो हलू नये. अंजनाबाईंच्या हातून दोर घेऊन तो होडीला बांधला.

भरती पुरी होत आली होती. काकांनी नॉब धरला. "जोमाऽ," ते म्हणाले, "होऽऽ" आणि दोर रेतीतून उठला, ताठ झाला, त्यातलं पाणी थेंबथेंब गळालं, "बेस," आणि होडी आली. काका दोराकडे बघत राहिले. मग त्यांनी पोशाला हाक दिली, हिराजीला दिली. आवाज मोठा होत गेला. गल्लीतून दोघंतिघं डोकावून गेली. सुगंधाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ड्रमवर दोराचे किती वेढे पडतात, किती वेढ्यांना पट्टी किती तापते, हे ती मोजत होती, ओठांतल्या ओठांत.

नावं संपली. जोमापासून सुरू होणारी ओळ पुरी झाली, आणि होडी अजून आपल्या जागेपासून एका खेचेएवढी खाली होती. माणसं होती तेव्हा एवढ्या नावांत ती पोचत असे. मशीन थोडं कमी पडलं होतं. काका थांबले. त्यांनी दोराच्या ओळीकडे बघितलं, जिथे पुढचा माणूस उभा असता तिथे, आणि मग ड्रमपाशी बसून पुटपुटणाऱ्या बाईकडे.

"सुगंधाऽ, होऽऽबेस."

शंभर व्हायला बरेच वेढे बाकी होते. तरी तिने ओ दिली, आणि मोजणी चुकली.